कंपनी काढायची, तर वकील कुणाचा?

वाद साधाच होता. पुतणीला हळद पावडरीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायची होती, काका त्यात पैसे घालायला तयार होते, आणि कागद कुणाकडून करून घ्यायचे यावर दोघांचं जमत नव्हतं. काकांना गावातला वकील हवा होता. पुतणीला वकीलच नको होता. नावं इथे मुद्दाम घातलेली नाहीत. सांगलीत हळदीच्या धंद्यातले सगळे एकमेकांना ओळखतात, आणि वाद घरातला आहे.

काका अडते. मार्केट यार्डात पेढी, राजापुरी हळदीचे सौदे बघण्यात उभा जन्म गेला. हरिपूरच्या पेवांमध्ये हळद साठवायचे तो काळ त्यांनी पाहिलाय. पेढी भागीदारीतली, 1932 च्या कायद्याखाली नोंदलेली. तिचं भागीदारीपत्र एका जुन्या वकिलांनी केलं, आता त्या वकिलांचा मुलगा घरचे सगळे कागद बघतो. पुतणी फूड टेक्नॉलॉजी शिकली, पुण्यात नोकरी केली आणि परत आली. तिला पोत्याने हळद विकण्यात रस नाही. दळायची, पाकिटात भरायची आणि सांगलीच्या हळदीला 2018 साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाच्या जोरावर परदेशात पाठवायची, असा तिचा बेत. साठ टक्के शेअर तिचे, चाळीस काकांचे, इथपर्यंत ठरलं होतं.

"काका, यात वकील करणार काय?" ती म्हणाली. "2020 पासून 'स्पाइस प्लस' नावाचा एकच अर्ज आहे. नाव मागायचं त्यातच, नोंदणी त्यातच. डायरेक्टरचा नंबर, पॅन, टॅन, प्रॉव्हिडंट फंड, ईएसआयसी, बँकेचं खातं, आपल्याकडचा व्यवसाय करसुद्धा त्याच खेपेत होतो. अर्ज तपासला जातो हरियाणात, मानेसरला. सांगलीचा वकील काही मानेसरला ओळख लावणार नाही."

"आणि फी?"

"अधिकृत भांडवल पंधरा लाखांपर्यंत असेल तर नोंदणीची सरकारी फी शून्य. राज्याचं मुद्रांक शुल्क तेवढं भरायचं. पूर्वी एक लाख भरणा भांडवल लागायचं, ती अट 2015 मध्येच गेली."

"म्हणजे फुकट मिळतंय म्हणून घ्यायचं," काका म्हणाले. "आणि सही कोण करणार? उद्या कागद चुकला तर मानेसरचा साहेब येणार आहे का यार्डात?"

काकांनी हे टोमण्यात म्हटलं खरं, पण नेम बरोबर बसला. कंपनी कायदा 2013 च्या कलम 7 प्रमाणे नोंदणीच्या अर्जासोबत एका व्यावसायिकाचं घोषणापत्र लागतं: कायद्याच्या सगळ्या अटी पाळल्या आहेत असं. हे घोषणापत्र वकील, चार्टर्ड अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंट यांपैकी कुणीही देऊ शकतो. त्यात खोटं निघालं तर कलम 447 पर्यंत गोष्ट जाते, आणि तिथे कैद आहे. तेव्हा 'स्वतः बसून ऑनलाइन काढली कंपनी' असं कुणी सांगत असेल, तर त्याने कुणा एकाची सही घेतलेली असते. ती घेताना त्या माणसाचं तोंड पाहिलेलं नसतं, एवढंच. मात्र सही करणारा त्या चौघांपैकी वकीलच असावा, असं कायदा म्हणत नाही. पुण्यातल्या एका कंपनी सेक्रेटरीकडून हे काम करून घ्यायचं पुतणीने मनात पक्कं केलं होतं, आणि अर्ज भरण्यापुरतं पाहिलं तर तिची निवड चांगली होती. रोज तेच काम करणारा माणूस ते निमूटपणे आणि बिनचूक करतो. वर्षाला दोन-चार कंपन्या नोंदवणाऱ्या दिवाणी वकिलाकडून ती अपेक्षा धरू नये.

"ओळखीचा माणूस बरा," काका आपल्या जागी ठाम. "आपले अकाउंटंटच बघ. इतकी वर्षं एक कागद इकडचा तिकडे झाला नाही."

पुतणीला हसू आवरलं नाही. त्याच अकाउंटंटच्या ऑफिसात ती आदल्या आठवड्यात गेली होती. डिजिटल सहीचं टोकन दिसतं कसं, एवढंच तिला विचारायचं होतं. त्यांनी ड्रॉवर ओढला. आत रबर बँड लावलेल्या पाकिटांची थप्पी. प्रत्येक पाकिटात पेनड्राइव्हसारखं एक टोकन, पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव, आणि नावाखाली पेन्सिलीने लिहिलेला पिन. काकांचं पाकीट वरून तिसरं होतं.

"मग? त्यांच्याकडेच असतं ते. रिटर्न भरताना लागतं."

"काका, ती तुमची सही आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याने हाताने केलेल्या सहीइतकीच पक्की. कोरा चेक सही करून ठेवाल का कुणाच्या ड्रॉवरमध्ये?"

काका गप्प राहिले. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी असा ड्रॉवर सापडेल. देणाऱ्याला ती सोय वाटते, घेणाऱ्यालाही. कुणाची नियत वाईट असते असं नाही. पण ज्या टोकनाने कंपनीचे अर्ज केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर जातात, त्याचा पिन पेन्सिलीने लिहिलेला असणं हा ओळखीवर चालणाऱ्या कारभाराचा पुरावा म्हणून काकांच्या विरुद्ध जातो. इथवर पुतणीची बाजू वरचढ होती.

पुढे मात्र ती घसरली. कंपनीच्या पत्त्याचा विषय निघाला तेव्हा.

"नोंदणीकृत ऑफिस आपल्या मिरज रस्त्यावरच्या गोदामात," ती म्हणाली. "वीजबिल लागतं दोन महिन्यांच्या आतलं, आणि मालकाचं ना-हरकत पत्र. झालं."

"मालक कोण?"

"तुम्ही. बाबा."

"बिल कुणाच्या नावावर येतं?"

बिल येतं आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. वाटणी झाली तेव्हा घरं वेगळी झाली, शेती वेगळी झाली, गोदाम तेवढं राहून गेलं. प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचंच नाव आहे, वारसनोंद झालेली नाही, आणि वारसांत काका आणि वडिलांबरोबर दोन आत्याही येतात. एक आत्या इस्लामपूरला, दुसरी बडोद्याला. ना-हरकत पत्रावर सही कुणाकुणाची घ्यायची, वारसनोंद आधी करायची की भाडेकरार, आत्यांनी हक्कसोड दिलं तर त्याची नोंदणी कशी, हे प्रश्न पुण्याच्या कंपनी सेक्रेटरीच्या टेबलावरचे नाहीत. मानेसरच्या तर नाहीतच. सिटी सर्व्हेच्या ऑफिसात कुठला अर्ज अडतो आणि कशाने सुटतो, हे ज्याला ठाऊक आहे तोच इथे कामाचा. स्थानिक वकील कशासाठी लागतो याचं इतकं चपखल उदाहरण काकांनाही आधी सुचलं नव्हतं.

"बघ," ते म्हणाले, आणि या एका शब्दावर त्यांनी बराच वेळ समाधान मानलं.

खरं तर गोदामाचा गुंता लहान आहे. तो नाही सुटला तर दुसरी जागा भाड्याने घेता येते. मोठा गुंता साठ-चाळीसमध्ये होता, आणि तो दोघांनाही दिसत नव्हता. पुतणीने कंपनीचे आर्टिकल्स, म्हणजे कंपनीचा आतला कारभार ज्या नियमांनी चालतो ते, अर्जात जसे तयार येतात तसेच ठेवायचे ठरवले होते. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात 'टेबल एफ' नावाचा नमुना आहे. बहुतेक छोट्या कंपन्या तोच उचलतात. काकांनी तर आर्टिकल्स हा प्रकार ऐकलाही नव्हता. त्यांच्या हिशेबी साठ टक्केवाली मालक आणि चाळीस टक्केवाला थोडा कमी मालक.

कायद्याचा हिशेब निराळा आहे. कंपनीचे आर्टिकल्स बदलायचे तर विशेष ठराव लागतो, आणि विशेष ठरावाला विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने पडावी लागतात. साधं गणित: पंचाहत्तर टक्के. म्हणजे चाळीस टक्क्यांच्या जोरावर काका आर्टिकल्समधला एक स्वल्पविरामही हलू देणार नाहीत. साठ टक्के असूनही पुतणीचे हात बांधलेले. आता उलट बाजू. डायरेक्टरला काढायला साधा ठराव पुरतो. आगाऊ विशेष नोटीस द्यायची, त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि मत टाकायचं. म्हणजे पैसे घालणारे काका डायरेक्टर झाले, तरी पुतणी त्यांना एका सभेत त्या पदावरून काढू शकते, कलम 169 खाली. टेबल एफमध्ये याला अडसर नाही. आणखी एक गंमत: संचालक मंडळात समसमान मतं पडली तर टेबल एफप्रमाणे अध्यक्षाला जादा निर्णायक मत असतं. दोनच डायरेक्टर असतील तर अध्यक्ष कोण, या प्रश्नातच कंपनी कुणाची हे ठरतं. खुर्चीवर मोठ्या माणसाने बसायचं, या घरच्या रीतीने काका अध्यक्ष झाले असते आणि पुतणीला ते पुढच्या दिवाळीपर्यंत कळलंही नसतं.

हे कळल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच एकाच बाजूला आले.

"मग आपण आपसांत लिहून ठेवू," काका म्हणाले. "स्टॅम्पपेपरवर. मी तुला काढणार नाही, तू मला काढायचं नाहीस, आणि शेअर विकायचे तर आधी घरच्याला."

हा उपाय नव्या धंद्यांत सर्रास केला जातो, आणि नेमका तोच सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन तुटलेला आहे. व्ही. बी. रंगराज विरुद्ध व्ही. बी. गोपालकृष्णन हा खटला कंपनी वकिलांना तोंडपाठ असतो. दोन भावांची खासगी कंपनी, पन्नास शेअर, प्रत्येकाचे पंचवीस. 1951 मध्ये घरात ठरलं की दोन्ही शाखांकडे शेअर कायम निम्मे-निम्मे राहतील, कुणाला विकायचे झाले तर आधी आपल्याच शाखेतल्याला विचारायचं. पुढच्या पिढीत एकाने आपले शेअर दुसऱ्या शाखेला विकले. भांडण वर गेलं. कोर्टाने नव्वदच्या दशकाच्या तोंडाशी निकाल दिला: शेअरच्या हस्तांतरावरचं बंधन आर्टिकल्समध्ये लिहिलेलं नसेल, तर ते कंपनीवरही बंधनकारक नाही आणि भागधारकांवरही नाही. या निकालाचा आवाका किती यावर पुढे उच्च न्यायालयांत खल झाला, पण शहाणा वकील अजूनही तेच करतो: करारातलं प्रत्येक महत्त्वाचं कलम आर्टिकल्समध्ये उतरवतो. 'टेबल एफ तसाच ठेवा, स्टॅम्पवर वेगळं लिहू' असं सांगणारा वकील गावातला असो की दिल्लीतला, तिथून उठावं.

पैसे कसे घालायचे, यावर तर काकांना धक्काच बसला. त्यांच्या मनात होतं, थोडे शेअरमध्ये, उरलेले कंपनीला हातउसने. नोंदणीकृत खासगी कंपनी वाटेल त्याच्याकडून हातउसने घेऊ शकत नाही. ते 'ठेव' धरलं जातं आणि ठेवींचे नियम कडक आहेत. डायरेक्टरकडून किंवा डायरेक्टरच्या नातेवाइकाकडून घेतलं तर सूट आहे. पैसे स्वतःचे आहेत, दुसऱ्याकडून कर्जाऊ घेतलेले नाहीत, असं लिहून द्यावं लागतं.

"मी नातेवाईक नाही तर कोण आहे?" काका म्हणाले.

कंपनी कायद्याच्या लेखी, नाहीत. त्या कायद्याच्या यादीत एकत्र कुटुंबाचे सभासद आहेत, नवरा-बायको आहेत, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण आहेत. काका नाही. वाटणी होऊन वेगळं झालेला काका तर नाहीच. गंमत अशी की प्राप्तिकराच्या कायद्यात, भेटीवर कर लागू नये म्हणून जी यादी आहे, तिच्यात आई-वडिलांची भावंडं येतात. तिथे काका नातेवाईक. एकाच माणसाचं नातं कायद्यागणिक बदलतं. काका स्वतः डायरेक्टर झाले तर हा प्रश्न मिटतो. पण एव्हाना त्यांना डायरेक्टर व्हायचंच नव्हतं. वय झालं, सह्या कोण करत बसणार, असं त्यांचं म्हणणं. आणि सह्यांचा विषय निघाला की त्यांना तो ड्रॉवर आठवायला लागला होता.

"म्हणजे वकील पाहिजे," पुतणी म्हणाली.

"तेच तर मी सांगतोय. घरचे वकील आहेतच."

"ते तुमचे वकील आहेत, काका."

या वाक्यावर बैठक थांबली. काकांना ते लागलं. ज्या माणसाने वडिलांच्या काळापासूनचे कागद सांभाळले, त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं त्यांना वाटलं. पण पुतणीच्या म्हणण्यात अविश्वास नव्हता. साठ-चाळीसच्या ज्या कलमाने काकांचं भलं होतं त्याने तिचे हात बांधले जातात, आणि तिच्या सोयीच्या कलमाने काका उघडे पडतात. एकाच वकिलाने दोघांच्या बाजूने लिहायचं तर कुठे तरी कुणाचं तरी कमी लिहिलं जाणार. बार कौन्सिलचे नियमही वकिलाला सांगतात की काम हाती घेतानाच पक्षकारांशी आपला काय संबंध आहे ते अशिलाला मोकळेपणाने सांगावं. वाटणीच्या वेळी ज्याने काकांचा सल्लागार म्हणून काम केलं, त्याने पुतणीला तो संबंध पहिल्या भेटीत सांगायला हवा. सांगितल्यावर ती कुठे जाईल हा पुढचा भाग.

मग दुसरा वकील शोधायचा कसा? इथे भारतात एक अडचण आहे जी गिऱ्हाइकांना ठाऊक नसते. वकिलाला जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिलच्या नियम 36 प्रमाणे त्याची पाटीसुद्धा माफक आकाराची हवी, आणि तो अमुक कामात तज्ज्ञ आहे असं तिच्यावर लिहिता येत नाही. 2008 पासून स्वतःच्या वेबसाइटवर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढी माहिती देण्याची मुभा आहे, त्यापलीकडे नाही. 2024 च्या जुलैमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची सेवा मालासारखी मांडणाऱ्या ऑनलाइन मंचांबद्दल बार कौन्सिलला कारवाई करायला सांगितलं. तेव्हा मोबाइलवर 'जवळचा कंपनी वकील' असं शोधून जी नावं वर येतात, ती वर का आली याचा कायद्याशी किंवा कर्तबगारीशी फारसा संबंध नसतो. राजवाडा चौकातून चालत गेलात तर पाट्या दिसतील, पण फौजदारी कोण करतो, जमिनीचं कोण आणि कंपनीचं कोण, ते पाट्या सांगणार नाहीत.

शोध तोंडीच घ्यावा लागतो. पुतणीने घेतला तो असा: कुपवाड एमआयडीसीत ज्यांच्या कंपन्या आहेत त्यांना विचारलं, आणि 'तुमचा वकील कोण' असं न विचारता 'भागीदाराशी वाजलं तेव्हा कुणाचा कागद टिकला' असं विचारलं. पुण्याच्या कंपनी सेक्रेटरीलाही विचारलं, कारण कुणाचे मसुदे दुरुस्त करावे लागत नाहीत हे त्यालाच कळतं. नाव मिळाल्यावर सनदेचा क्रमांक विचारला. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद असते, ती विचारण्यात अपमान काही नाही. आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर तीही तिथेच होते. हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय काका बोली लावत नाहीत. वकिलाच्या बाबतीत मात्र ओळख पुरते असं त्यांना का वाटावं, हे तिने त्यांना विचारून घेतलं. त्यांनी उत्तर दिलं नाही.

काकांचा शेवटचा डाव खंडपीठाचा होता. "आता कोल्हापूरला सर्किट बेंच झालंय. ऑगस्ट 2025 पासून. इथलेच वकील तिथे उभे राहतात. उद्या काही झालं तर मुंबईचे हेलपाटे नकोत."

सांगली-कोल्हापूरच्या वकिलांनी दशकानुदशकं मागितलेलं बेंच अखेर सुरू झालं, याचा काकांना वाटणारा आनंद रास्त आहे. पण कंपनीतल्या भांडणाला त्याचा तसा उपयोग नाही. बहुमतवाले अल्पमतवाल्यांना चेपतात, कारभार वाऱ्यावर सोडतात, अशा तक्रारी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जातात, आणि महाराष्ट्राचं न्यायाधिकरण मुंबईत आहे. दहा टक्के शेअर असलेला भागधारक तिथे जाऊ शकतो, तेव्हा चाळीस टक्केवाल्या काकांना दार उघडं आहे. सांगलीच्या दिवाणी न्यायालयाला त्या विषयात हात घालता येत नाही. कलम 430 ने ते दार बंद केलंय. स्थानिक वकिलाला भांडणासाठी नेमण्यात म्हणून अर्थ कमी. भांडण होऊ नये असा कागद त्याच्याकडून करून घेण्यात अर्थ जास्त.

वकिलाचा आणखी एक फायदा दोघांच्याही लक्षात नव्हता. अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट वकील अशिलाच्या परवानगीशिवाय उघड करू शकत नाही. 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मध्ये ते आहे, आधीच्या पुरावा कायद्यातही होतं. सीएला किंवा कंपनी सेक्रेटरीला ते कलम लागू नाही. त्यांच्या व्यवसायाच्या आचारसंहिता गुप्तता पाळायला सांगतात, पण कोर्टाने विचारलं तर कायद्याची ढाल नाही. 'काका उद्या आजारी पडले आणि त्यांची मुलं आडवी आली तर काय' असले प्रश्न मोकळेपणाने मांडायचे, तर ते वकिलापुढे मांडणं शहाणपणाचं.

नावाचा विषय पाच मिनिटांत मिटला. काकांना आडनाव हवं होतं, पुतणीला नको होतं. रजिस्ट्रारने नाव मंजूर केलं म्हणजे ते आपलं झालं, असा काकांचा समज. तो खोटा ठरवायला सांगली जिल्ह्यातल्याच किर्लोस्करवाडीचं नाव पुरलं: नव्वदच्या दशकात 'किर्लोस्कर डिझेल रिकॉन' ही रीतसर नोंदलेली कंपनी होती, तरी मुंबई उच्च न्यायालयाने तिला ते नाव वापरण्यापासून रोखलं, कारण 'किर्लोस्कर'चे ट्रेडमार्क 'किर्लोस्कर प्रोप्रायटरी'कडे होते. ट्रेडमार्कचा अर्ज वेगळा करायचा असतो. व्यक्ती, स्टार्टअप आणि छोट्या उद्योगांना तो ऑनलाइन साडेचार हजारांत होतो.

शेवटी ठरलं ते असं. मिरजेच्या एका वकीलबाई पुतणीच्या बाजूने आर्टिकल्स आणि भागधारकांचा करार लिहितील. काम काय काय, मसुदे किती वेळा बदलून मिळतील आणि फी किती, हे आधी कागदावर येईल. घरचे वकील तोच मसुदा काकांच्या बाजूने वाचतील, आणि गोदामाची वारसनोंदही तेच पाहतील, कारण ते काम त्यांच्याइतकं कुणाला जमणार नाही. अर्ज पुण्याहून भरला जाईल. नोंदणीनंतर तीस दिवसांत ऑडिटर नेमणं, एकशे ऐंशी दिवसांत धंदा सुरू केल्याची घोषणा देणं, दरवर्षीचे हिशेब वेळेवर भरणं, हे कंपनी सेक्रेटरीच्या माथी. यातलं शेवटचं चुकलं तर प्रत्येक अर्जामागे दिवसाला शंभर रुपये चढत राहतात, त्याला कमाल मर्यादा नाही. आणि तीन वर्षं चुकलं तर डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. 2017 मध्ये सरकारने दोन लाखांहून अधिक कंपन्या नोंदवहीतून काढल्या, त्यातल्या कित्येकांनी विवरणपत्रं भरलेलीच नव्हती.

काकांनी टोकन परत आणलं. डायरेक्टर व्हायलाही ते तयार झाले. पण आपले चाळीस टक्के उद्या परत घ्यायची वेळ आली तर भाव कोण ठरवणार, या एका कलमावर दोघांचं अजून अडलेलं आहे, आणि ते सुटेपर्यंत अर्ज भरायचा नाही, असं दोघांनीही मान्य केलंय. आधी करार, मग अर्ज, हा क्रम बरोबर आहे. उलटा क्रम केलेल्या कंपन्यांची प्रकरणं मुंबईच्या न्यायाधिकरणात रोज पुकारली जातात.

नात्यातल्या किंवा मैत्रीतल्या माणसाबरोबर कंपनी काढायला निघालेल्या वाचकांनी वकिलाच्या पहिल्या भेटीत फी विचारण्याआधी एवढं विचारावं: "तुम्ही आमच्यापैकी कुणाचे वकील?" उत्तर 'दोघांचाही' असं आलं, तर चहा घ्यावा आणि दुसरा वकील शोधावा.